आवाज बाहेर जाऊ नये म्हणून

"आवाज कुणाला ऐकू जायला नको आहे?" फिरोजनं विचारलं.

त्याच्या दुकानात बेस गिटारसाठी काही घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सहसा उलटं सांगतं. दणका पाहिजे, खिडक्यांच्या काचा थरथरल्या पाहिजेत, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्याही छातीत घुमलं पाहिजे. मी मात्र काउंटरसमोर उभी राहून, वाजवलं तरी वाजू नये असं काहीतरी मागत होते.

"पप्पांना," मी म्हटलं.

फिरोजनं हातातली वायर खाली ठेवली. तो आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा आणि दिवसा सांगलीतलं अब्बांचं वाद्यांचं दुकान सांभाळायचा. पप्पांना तो लहानपणापासून ओळखत होता आणि थोडा टरकूनही असायचा, कारण पप्पा दुकानात आले की नव्याकोऱ्या स्पीकरला कान लावून, "याला खालचं काही येत नाही रे," असं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर जाहीर करायचे.

"सुमंत अंकलना बेस नको झाला?" तो म्हणाला. "काहीतरी चुकतंय तुझं, सुवा."

माझं नाव सुवार्ता. मिरजेच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत या नावाचं कुणाला नवल नव्हतं, बाहेर मात्र प्रत्येकाला दोनदा सांगावं लागायचं. फिरोजनं पहिल्याच दिवशी त्याचं सुवा करून टाकलं होतं.

फिरोजला वाटलं ते बरोबरच होतं. पप्पा जन्मभर चर्चच्या क्वायरमध्ये बेस गायले. चार आवाजांच्या गाण्यात हा सगळ्यात खालचा, जाड आवाज. चाल वरचे लोक गातात, टाळ्याही त्यांनाच मिळतात. बेसवाले खाली पाया घालत बसतात. मम्मी होती तोवर घरात काही अडचण नव्हती. ती ओट्याशी भाकरी थापताना वरची चाल धरायची आणि पप्पा दाढी करता करता तिच्या खाली बेस लावायचे. ती गेल्यावर पप्पांनी वरची चाल कधी घेतली नाही. ते आपले खालचेच सूर गुणगुणत राहिले. घरी येणाऱ्याला ते कुठलं गीत आहे हे कळायचं नाही, आणि या माणसाला गाता येत नाही असं पाव्हणेमंडळी मनातल्या मनात ठरवून टाकायची. मला मात्र पहिल्या ओळीलाच ओळखू यायचं. मी दुसऱ्या खोलीतून गीताचं नाव ओरडून सांगायची, आणि पप्पा न थांबता तिकडून हुंकार द्यायचे.

कॉलेजात मी गिटारसाठी हट्ट धरला तेव्हा ते मला याच दुकानात घेऊन आले होते. गल्ल्यावर फिरोजचे अब्बा होते. त्यांनी चकचकीत सहा तारांची गिटार काढली. पप्पांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यात धूळ खात टांगलेली चार जाड तारांची बेस त्यांनी खाली काढायला लावली आणि म्हणाले, खालची तार तेवढी वाजवून दाखवा. अब्बांनी वाजवली. पप्पा डोळे मिटून ती पूर्ण विरेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "हिला हे द्या. चाल काय, कुणीही वाजवतं." अब्बांनी धंद्याच्या सवयीनं विचारलं, बरोबर एखादं पेडल देऊ का, पायानं दाबायचं. पप्पा म्हणाले, पायपेटी आहे की आमच्या चर्चमध्ये. ते खरंच पायानं भाता मारायच्या पेटीबद्दल बोलत होते. आम्ही पुढे कितीतरी वर्षं त्यावर त्यांना चिडवत होतो.

तर अशा माणसाला नाताळच्या तालमी सुरू व्हायच्या सुमारास झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणं गेलं. बार्शीहून रूथ आत्या आली. पप्पांची ही धाकटी बहीण नर्स म्हणून निवृत्त झालेली, लग्न न केलेली आणि भावावर जीव टाकणारी. तिनं आल्या आल्या पलंग पुढच्या खोलीत घेतला, उशा कशा लावायच्या, कूस कधी बदलायची हे मला शिकवलं आणि घराचा ताबा घेतला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की दुसरा झटका आला तर काही सांगता येणार नाही. रक्तदाब चढू द्यायचा नाही, मनाला त्रास होईल असं काही घडू द्यायचं नाही. आत्यानं ते ऐकलं ते कोरून ठेवल्यासारखं. मी पण.

दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्यांदा बेस वाजवली ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. मी मुद्दाम पप्पांच्या आवडीचं एक गीत घेतलं, त्यांचाच खालचा भाग. दोन ओळी झाल्या असतील. पलंगावरून आवाज आला, "बस."

झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द होता. मला वाटलं, बस म्हणतायत, जवळ बस. मी स्टूल ओढून पलंगाला लावलं. पप्पांनी मान हलवली. "बस. बस." डावा हात त्यांनी उचलला आणि तळवा खाली करून हवेत दाबल्यासारखा हलवला.

आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "पुरे म्हणतोय गं तो. डोक्यात घण बसत असतील. अशा माणसाला आवाज सोसत नाही, मी किती पेशंट बघितलेत."

मी अँप, बेसचा तो स्पीकर, बंद केला. पप्पा आणखी मोठ्यानं म्हणाले, "बस." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बटण दाखवत म्हटलं, "बंद केलंय पप्पा, बघा, बंद केलंय." त्यांनी हात गादीवर आपटला आणि तोंड फिरवलं. आत्यानं घाईघाईनं रक्तदाब बघितला. चढला होता.

त्यानंतर मी आवाज बारीक करून बघितला, स्वयंपाकघरात दार लावून वाजवून बघितलं. पण बेसचा आवाज कानाला कमी आणि भिंतीला जास्त कळतो. तो फरशीतून जातो, दारं लावून अडत नाही. दाराच्या पलीकडून "बस" ऐकू यायचंच. एकदा त्यांनी भिंतीवर टांगलेल्या बेसकडे बोट करून तेच म्हटलं. आत्या म्हणाली, त्याला ती डोळ्यांसमोरही नको झालीय. मी बेसवर जुनी चादर टाकली. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. ज्या माणसानं हे वाद्य माझ्या गळ्यात घातलं त्यालाच त्याचा त्रास व्हावा, हे माझ्यानं गिळवत नव्हतं. पण पप्पा जगायला हवे होते. त्यापुढे बाकी सगळ्यावर पाणी सोडायची माझी तयारी होती.

सगळ्यावर म्हणजे वाजवण्यावरही, असं मी फिरोजला सांगितलं. उन्हाळ्यात ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम लागले होते. तू दुसरा बेसवाला बघ, मी म्हटलं.

"दुसरा बघायला मी काय वेडा आहे का?" तो म्हणाला. "ये इकडं. अंकलना त्रास नाही आणि तुझा हात पण जाणार नाही असं देतो काहीतरी."

त्यानं काउंटरवर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. आधी सरावासाठीचा एक छोटा अँप, जेमतेम डब्याएवढा. मी खालची तार छेडली तर त्यातून नुसती फडफड आली. असल्या छोट्या स्पीकरातून बेस नीट येत नाही आणि शेजाऱ्याला धक्का मात्र बसतो, हे फिरोजनंच कबूल केलं आणि तो उचलून ठेवला. मग पेडलांची रांग लागली. एक सूर खरखरीत करणारं. ते गिटारवाल्यांचं होतं, बेसला लावलं की खालचा आवाज खाऊन टाकायचं. बेसवाल्यांसाठी वेगळं येतं, त्यात मूळ सूर किती ठेवायचा याचं बटण असतं. एक पेडल सुराखाली आणखी एक सप्तक लावायचं. ते ऐकून मला पप्पा इतके आठवले की मी पटकन तार दाबून धरली.

"हे घे," फिरोज म्हणाला आणि त्यानं कॉम्प्रेसर पुढे सरकवला. "हा म्हणजे घरातला मोठा माणूस. जो ओरडतो त्याला दाबतो, जो पुटपुटतो त्याला वर घेतो. हेडफोन लावून वाजवणार ना, मग हा पाहिजेच. नाहीतर एखादी तार जोरात लागली की कान जातील."

बरोबर त्यानं काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक डबी दिली. बेसची वायर पेडलमध्ये, पेडलची या डबीत, डबीला हेडफोन. मोबाईलवरचं गाणंही त्यातच ऐकू येणार. खोलीत आवाज शून्य. तारेवर बोट लागतं त्याची टकटक होईल तेवढीच.

राहिला हेडफोन. त्यानं दोन पुढे ठेवले. एकाची पाठ जाळीची होती आणि दुसऱ्याची बंद.

"जाळीचा मोकळा वाजतो, पण बाहेरचं आत येतं, आतलं थोडं बाहेर जातं. बंदवाला घातलास की बेस कानात भरून राहतो. मग बाहेर काय चाललंय त्याचा पत्ता लागायचा नाही."

मी दोन्ही घालून बघितले. जाळीच्यात मला रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या. बंदवाला घातला आणि दुकान नाहीसं झालं. खालची तार डोक्याच्या आत कुठेतरी वाजली, गोल आणि पूर्ण.

"हा," मी म्हटलं.

"अंकलनी हाक मारली तर?"

"आत्या असते. आणि हाक तरी कुठं मारता येतीय त्यांना?"

फिरोजनं सगळं खोक्यात भरून दिलं.

मी शाळेत संगीत शिकवायची. दुपारी घरी येऊन जेवायची आणि मग खिडकीपाशी स्टूल टाकून सरावाला बसायची. पप्पांकडे तोंड करूनच बसायची, म्हणजे त्यांच्यावर लक्ष राहील. पहिल्या दिवशी मी चादर काढून बेस हातात घेतली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला असं मला वाटलं होतं. मग मी हेडफोन घातला, वाजवू लागले, आणि तो चेहरा हळूहळू गोंधळत गेला. ते माझ्या बोटांकडे बघत होते. कपाळाला आठी पडली. मी समजले, आवाज येईल म्हणून घाबरलेत. मी हसून हातानंच खूण केली की काळजी करू नका, काही ऐकू येणार नाही.

पुढे पुढे ते शांत राहू लागले. "बस" म्हणणं कमी झालं. आत्या खूश होती, रक्तदाबही आटोक्यात होता. मी रोज सुरुवातीला क्वायरची दोन-तीन गीतं घ्यायची, बोटं मोकळी व्हावीत म्हणून आणि मनाला बरं वाटावं म्हणून. मग कार्यक्रमाची गाणी. मधूनच मान वर केली की पप्पांची नजर माझ्या डाव्या हातावर खिळलेली दिसायची. कधी त्यांची हनुवटी थरथरायची, ओठ मिटलेले असायचे. मला वाटायचं काहीतरी हवंय. मी थांबून हेडफोन काढायची आणि विचारायची, "काय पप्पा?" तोवर ते गप्प झालेले असायचे. माझ्याकडे बघत राहायचे, आणि मग अगदी हळू म्हणायचे, "बस."

"झालं, थांबले," मी म्हणायची. बेस ठेवून त्यांना चहा पाजायची.

एक दिवस आत्या म्हणाली, "तू वाजवायला बसलीस की दादा कण्हायला लागतो गं."

मी चपापले. "आवाज जातोय का बाहेर?"

"आवाज नाही गं. तुला हलताना बघून त्यालाही हलावंसं वाटत असणार. खांदा ओढला जातो, मग दुखतं. तुझ्या कानावर ते असतं, तुला कसं ऐकू येणार?"

आयुष्यभर तिनं माणसं कण्हताना ऐकली होती. तिच्या बोलण्यावर शंका घ्यायचं मला कारण नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले की अशा आजारात खांदा दुखतोच, आणि त्यांनी गोळी लिहून दिली. गोळीनं झोप येते असंही सांगितलं. आत्या ती दुपारी, माझ्या सरावाच्या आधी देऊ लागली. "म्हणजे त्याला त्रास नको आणि तुझ्याही प्रॅक्टिसला अडचण नको." तिनं हे इतक्या मायेनं म्हटलं होतं. मग मी वाजवायला बसायची आणि पप्पा समोर झोपलेले असायचे. मी चांगली वाजवू लागले होते. कॉम्प्रेसरमुळे सूर कसे एकसारखे, गोळीबंद पडत होते. फिरोज म्हणाला, तुझा हात सुधारलाय.

पप्पा मात्र मिटत चालले. जेवण कमी झालं. आत्या डाव्या हातानं उजवा उचलायचा व्यायाम करायला लावायची, तो करेनात. गोळी नसलेल्या वेळीही ते भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि मी बेस उचलली की बघायचेसुद्धा नाहीत.

वाचा परत यावी म्हणून डॉक्टरांनी स्पीच थेरपिस्ट लावायला सांगितलं होतं. सांगलीच्या केतकी बर्वे मॅडमना बऱ्याच दिवसांनी वेळ मिळाला. त्या यायच्या तेव्हा मी शाळेत असायची. आत्या सांगायची की पोरगी चांगली आहे, चित्रं दाखवते, जीभ कशी फिरवायची ते आरशात करून दाखवते. दुसऱ्या खेपेला त्यांनी निरोप ठेवला की पुढच्या वेळी मुलीला घरी थांबायला सांगा, मला भेटायचं आहे. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजाही सांगून ठेवली.

त्या दिवसाच्या आधीच दुसरा झटका आला.

दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेर लोखंडी बाकावर मी बसले होते. आत्या आत होती. केतकी मॅडम जिना चढून आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. माझ्याहून वयानं लहान असाव्यात. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, शेजारी बसल्या, डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं. मी सांगितलं की डोळे उघडतात पण ओळख नाही. त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"घरात बेस कोण वाजवतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग वाजवणं बंद का केलंत?"

"बंद नाही केलं. त्यांना आवाज सहन होत नव्हता. पुरे पुरे म्हणायचे. म्हणून हेडफोन लावून वाजवत होते."

"पुरे म्हणायचे?"

"बस म्हणायचे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"त्यांना 'ए' येत नव्हता हो," त्या म्हणाल्या. "झटक्यात गेला होता. केळ्याचं चित्र दाखवलं की कळं म्हणायचे. पेपरला पपर. भिंतीवरच्या चादरीकडे बोट करून सारखं बस, बस. मी पण आधी फसले. उठवून बसवलं त्यांना. मग माझ्या लक्षात आलं आणि मी चादर वर करून विचारलं, बेस? तर ओक्साबोक्शी रडले. माझा हात सोडेनात."

मला वाटतं मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही.

"मग त्यांनी कानाला हात लावून दाखवला आणि मान हलवली. त्यांना वाटत होतं की आपल्याला खालचे सूर ऐकू यायचे बंद झालेत. बोलणं ऐकू येतं, भांडी ऐकू येतात, आणि मुलगी समोर वाजवते ते मात्र नाही. नंतर ते मला गाऊन दाखवायला लागले. बोलता येत नसलं तरी गाता येतं कधी कधी अशा पेशंटना. त्यांना येत होतं. मी तुमच्या आत्यांना विचारलं, हे असं रोज करतात का? त्या म्हणाल्या, हो, ती वाजवायला बसली की कण्हतात. आता गोळी देतो, मग थांबतं."

कॉरिडॉरमधून एक वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत गेला. त्यांनी पाय आत घेतले.

"कण्हण्याला ताल नसतो हो. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण म्हटलं, तुम्हाला समोर बसवून, हेडफोन काढायला लावून सांगावं. त्यावरच बोलणं बसवता आलं असतं. आधी सूर, मग त्यावर शब्द."

घरी, गोळीच्या आधीच्या दिवसांत, पप्पा माझ्या बोटांवरून गीत ओळखत होते आणि त्यांचा बेस लावत होते. रोज. माझ्यापासून हातभर अंतरावर. गावात ते गाणं ओळखू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्याच्या कानांवर मी स्वतः निवडून आणलेला हेडफोन होता.

डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. मी फिरोजला फोन केला. सकाळीच तो व्हॅनमधून ऑर्केस्ट्राचा मोठा बेस अँप घेऊन आला, दोघा शेजाऱ्यांच्या मदतीनं तो घरात चढवला आणि पलंगाच्या पायथ्याशी लावला. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यामुळे त्यानं काही विचारलं नाही. मी पेडल लावलं नाही. एकच वायर, बेसमधून सरळ अँपमध्ये. आवाज किती ठेवू असं त्यानं खुणेनं विचारलं, मी म्हटलं, पूर्ण ठेव.

खालची तार छेडली तशी मांडणीवरची भांडी वाजली. खिडकीची काच गुणगुणली. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. मी पप्पांच्या आवडीचं गीत घेतलं, मग दुसरं, मग दाढी करताना ते हमखास धरायचे ते. पप्पांचे डोळे अर्धवट उघडे होते. छाती वरखाली होत होती, तिच्या स्वतःच्या चालीनं. मी प्रत्येक ओळीनंतर थोडी जागा सोडायची आणि त्यांच्या ओठांकडे बघायची.

आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कितीतरी वेळानं ती आत आली आणि पलंगाशी खाली फरशीवर बसली.

"क्वायरचे मास्तर असाच हात करायचे गं," ती म्हणाली. तिनं तळवा खाली करून हवेत दाबून दाखवला. "वरच्या सोप्रानोला डोक्यावर, मधल्या आम्हा आल्टोवाल्यांना छातीशी. आणि बेसवाल्यांना असा, खाली. मी होते गं त्या क्वायरमध्ये. दादाच्या पुढच्याच रांगेत होते."

तिनं पदर तोंडात कोंबला. मी तिला उठवलं नाही, जवळ घेतलं नाही. माझे हात रिकामे नव्हते.

मी वाजवत राहिले. फिरोज कधी बाहेर जाऊन पायरीवर बसला ते कळलं नाही. ऊन पलंगावरून सरकून भिंतीवर गेलं. बोटांची सालं निघाली, मी दुसरी बोटं वापरली. शेजारची आजारी म्हातारीसुद्धा त्या दिवशी तक्रार घेऊन आली नाही. पप्पा पुढे त्याच आठवड्यात गेले, पण मी त्यांची वाट बघितली ती त्या दिवशीच. ओळ संपवायची, थांबायची, ओठांकडे बघायची. पुरे म्हणा, जवळ ये म्हणा, बेस म्हणा. नुसतं बस म्हटलं असतं तरी मला कुठल्याही अर्थानं चाललं असतं.